गोधडीची भिशी

भिशी म्हटली की पैशांची, नाहीतर साड्यांची. अलीकडे सोन्याचीही निघाली आहे. आम्ही मात्र गोधडीची भिशी चालवली, आणि बारा महिने नेटाने चालवून ती पुरी केली. जळगावच्या सात आणि धुळ्याच्या चार अशा आम्ही अकरा जणी. अकराच का, बारा का नाही, असे वाचक भगिनी विचारतील. त्या बाराव्या जागेबद्दल सांगण्यासाठीच हे लिहीत आहोत.

आमच्यात दोन अंगणवाडी सेविका आहेत, एक निवृत्त शिक्षिका आहे, घरी मशीन चालवणाऱ्या तिघी आहेत, भाजीचा गाडा लावणाऱ्या दोघी आहेत, दोघी घर सांभाळतात आणि एक कारकून आहे. कारकून बी. कॉम. झालेली, म्हणून हिशेबाची वही तिच्याकडे आली. हा मजकूरही तिच्याच हातून उतरतो आहे. दिवसा ऑफिसातल्या फायली, संध्याकाळी वस्तीतल्या बायकांची रेशनकार्डे, जातीचे दाखले, कोणाच्या पोटगीची तारीख. अशा धावपळीत सुई हातात धरायला सवड कोठून आणायची? पण पौर्णिमेला आम्ही बुद्धविहारात जमतोच. वंदना झाल्यावर तासभर बोलणे होतेच. बोलता बोलता हातही चालू राहावेत, एवढाच सुरुवातीचा विचार होता.

२०२२ साली एका पौर्णिमेला नियम ठरले. प्रत्येकीने महिन्याला एक चौकोन शिवायचा. जोडून झाल्यावर तो अठरा इंच बाय अठरा इंच भरला पाहिजे. कापड घरातलेच, जुने, स्वच्छ धुतलेले. पुढच्या पौर्णिमेला सगळे चौकोन एकत्र करायचे, चिठ्ठी काढायची, आणि जिचे नाव निघेल तिला त्या महिन्याचे सगळे चौकोन द्यायचे. आडवे तीन आणि उभे चार असे बारा चौकोन जोडले की साडेचार फूट रुंद आणि सहा फूट लांब अशी एका माणसाची गोधडी होते. बारा महिन्यांत बारा गोधड्या, म्हणजे एकशे चव्वेचाळीस चौकोन. कागदावर हिशेब फार सोपा होता.

बारावी आमची जिजी, असे आम्ही धरूनच चाललो होतो. जिजी आमच्या विहारातली सर्वांत वडील उपासिका. वय पंच्याहत्तरीला आलेले. माहेर शिंदखेडा तालुक्यातले, म्हणून बोलणे अजून अहिराणी. लिहिता येत नाही, पण बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. तरुणपणी तिने लोकांच्या गोधड्या मजुरीने शिवल्या. तिच्यासारखा बारीक, सरळ टाका आमच्यापैकी कोणालाच घालता येत नाही. ती शिकवील आणि आम्ही शिकू, असा आमचा बेत. तिला विचारायचे असते हे कोणाच्या ध्यानात आले नाही. बारा नावांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, त्यात तिचीही लिहून डब्यात टाकली.

जिजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मन्ही माय चिंध्या येचीसन मरनी. मी नही शिवाव चिंध्या."

आम्हाला वाटले, म्हातारपणाचा हट्ट. एक जण हसलीसुद्धा. मग जिजीने जे सांगितले ते ऐकून विहारात कोणी बोलेना.

जिजी लहान असताना तिच्या घराकडे महारकी होती. गावात कोणी मेले की लाकडे वाहायची, निरोप घेऊन गावोगाव चालत जायचे, आणि मढ्यावरचे कापड घ्यायचे. त्याला हक्क म्हणत. तिची आई ते कापड नदीवर धुऊन आणी. मोठा तुकडा असला तर पोरांचे कपडे होत, उरलेल्याची गोधडी होई. जिजी शाळेत जाऊ लागली तेव्हा तिच्या अंगात असाच एक हिरवा झंपर होता. वर्गातल्या एका मुलीने त्याचा काठ ओळखला. ते तिच्या आजीच्या मढ्यावरचे लुगडे होते. ती मुलगी रडली, मग ओरडली, मग सगळा वर्ग जिजीकडे बघू लागला. जिजी घरी आली ती परत शाळेत गेली नाही. ज्या बाईला बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत तिला सही का करता येत नाही, हे त्या दिवशी आम्हाला कळले. वीस वर्षे आम्ही तिच्याबरोबर वंदनेला बसतो, पण कधी विचारले नव्हते.

महाडच्या परिषदेत, डिसेंबर १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना कपड्यांविषयी सांगितले, ते आपण सभांमधून अनेकदा ऐकतो. लुगडे नीट नेसा, जुन्या ओळखीच्या खुणा अंगावरून काढून टाका, स्वच्छ राहा. नेसण्याच्या तऱ्हेवरून जात ओळखली जात होती, तेव्हा तऱ्हा बदलणे हे बंडच होते. पुढे १९५८ साली कायदा होऊन वतने गेली. पण मढ्यावरच्या कापडाची गोधडी ज्यांनी पांघरली त्यांच्या मनातून ते कापड केव्हा गेले, याची नोंद कोठल्या दप्तरात मिळणार?

जिजी शिवणार नाही, पण दर पौर्णिमेला येऊन बसेन, असे म्हणाली. तिच्या वाटचा बारावा चौकोन आम्ही पाळीपाळीने करायचा ठरवले. तिच्या नावाची चिठ्ठी मात्र डब्यात तशीच राहिली. काढायचे कोणाला सुचले नाही, आणि सुचले तेव्हा काढवेना.

काम सुरू झाले तेव्हा कळले की कापड मिळवणे फार कठीण नाही, ते कापणे कठीण. पहिले चौकोन जमा झाले. आमच्यातल्या एकीचे सासरे जळगावच्या खान्देश मिलमध्ये साचेवाले होते. मिल बंद पडून किती वर्षे झाली. तिच्या जागेवर आता मोठा बाजार उभा आहे. पण त्या माणसाचा निळा सदरा घरात खुंटीवर होता. तो कापताना तिने नवऱ्याला विचारले, नवऱ्याने बहिणीला विचारले, आणि त्यातच पंधरा दिवस गेले. दुसरीने मुलाच्या शाळेच्या गणवेशाच्या पट्ट्या लावल्या. धुळ्याच्या ताईंनी आईच्या नऊवारीचा काठ लावला.

मग एक वाद निघाला. कोणीतरी जयंतीच्या निळ्या पताकांचे कापड आणले होते. ते गोधडीत घालावे की नाही? गोधडी पायाशीही येते, लहान मूल तिच्यावर ओले करते. दोन बाजूंनी बोलून झाल्यावर ठराव झाला की निळ्या झेंड्याचे आणि पंचशील ध्वजाचे कापड गोधडीत घ्यायचे नाही. ठराव वहीत लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या आणि जिजीने अंगठा दिला.

आषाढ पौर्णिमेला एका भाजीवाल्या ताईने पांढरी साडी आणली. आपल्यात नवरी पांढरी साडी नेसून लग्नाला उभी राहते, ती साडी. ताईच्या मुलीची. मुलगी चौदा महिने नांदली आणि अंगावर वळ घेऊन माहेरी आली. खटला अजून चालू आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. साडी कापायला आई धजत नव्हती. मुलगी स्वतः उठली आणि तिने कात्री लावली. त्या साडीचे पुढे नऊ चौकोन झाले, कारण पांढऱ्याची गरज प्रत्येक महिन्याला पडत होती. एका गोधडीत नाही, तर वेगवेगळ्या घरांत ती साडी वाटली गेली. मुलगी आता आमच्याबरोबर बसते आणि नर्सिंगचा फॉर्म भरला आहे.

शिवण्याची रीत बहुतेक भगिनींना ठाऊक असेल, तरी ज्यांच्या घरी आता फक्त सोलापुरी चादर आणि बाजारातली ब्लँकेट आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुने कापड आधी सोडा घालून उकळायचे, उसवायचे, गुंड्या काढायच्या. जुनेच का, तर ते मऊ असते, सुई सहज जाते आणि पुढे आटत नाही. जमीन सारवलेली किंवा फरशी पुसलेली हवी. खाली अस्तर ताणून अंथरायचे, त्यावर जुन्या लुगड्यांचे थर, आणि सर्वांत वर जोडलेले चौकोन. चारी कोपऱ्यांवर वरवंटा, वीट, भरलेला तांब्या, जे जड मिळेल ते ठेवायचे. लांब लांब कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायचे आणि मग कडेने सुरुवात करून धावदोऱ्याने फेरे मारत मध्यापर्यंत यायचे. दोरा दुहेरी. बोटाला चिंधी गुंडाळली नाही तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेन धरवत नाही, हे अनुभवाने सांगतो. एका गोधडीला चौघी बसल्या तरी तीन-चार रविवार लागतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना मांडीवर गोधडी घेऊन बसणे म्हणजे काय, ते खान्देशच्या माणसालाच विचारावे.

जळगाव ते धुळे जाणे-येणे एसटीने, एरंडोल-पारोळ्यावरून. दर महिन्याला कोणीतरी एक जण पिशवी घेऊन निघे. दोरा धुळ्याच्या पाच कंदील भागातून येई आणि अस्तर जळगावच्या फुले मार्केटमधून. ३१ जुलैला आम्ही जळगावकर लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गेलो. १९३७ साली बाबासाहेब तेथे मुक्कामाला होते, म्हणून दर वर्षी त्या दिवशी तेथे यात्रा भरते. दर्शन घेतले आणि डोंगराच्या पायथ्याशी झाडाखाली बसून त्या महिन्याच्या चौकोनांची देवघेव केली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, ते आमच्या वहीच्या शेवटच्या दोन पानांवरच दिसते.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन असते. त्या तीन महिन्यांत चीवराचा विषय निघाला. विनयपिटकातल्या महावग्गात कथा आहे. मगधातून जाताना भगवंतांनी भाताची शेते पाहिली. बांधांनी आखलेली, चौकोनी, एकाला एक लागून. त्यांनी आनंदाला विचारले, भिक्खूंची चीवरे अशी करता येतील का? आनंदाने तुकडे कापून, पट्ट्या जोडून तसे चीवर तयार केले. कापून जोडलेल्या कापडाला बाजारात मोल नाही, त्यामुळे त्याचा लोभ कोणाला वाटत नाही. आजही भिक्खूंच्या अंगावरचे चीवर नीट पाहिले तर ते बांध दिसतात. वर्षावास संपल्यावर कठीण चीवरदान होते. त्याचीही रीत अशी, की चीवर एका दिवसात पुरे करायचे. कापणे, शिवणे, रंगवणे सगळ्यांनी मिळून. कठीण हे नावच मुळी कापड ताणून शिवण्याच्या चौकटीचे. म्हणजे एकत्र बसून तुकडे जोडणे ही आपल्या धम्मातली अडीच हजार वर्षांची रीत आहे, असे आमच्या शिक्षिकाताईंनी मोठ्या आनंदाने सांगितले.

त्या पुढे वाचू लागल्या. सुरुवातीला भिक्खू पांसुकूल चीवर वापरत. उकिरड्यावर, रस्त्यात, स्मशानात टाकलेले कापड गोळा करून, धुऊन, शिवून.

"स्मशानातलं?" जिजीने विचारले.

ताई थांबल्या. मग हो म्हणाल्या.

जिजी बराच वेळ बोलली नाही. नंतर तिने विचारले ते मराठीत असे, की ते राजवाडे सोडून आलेले लोक, त्यांनी स्मशानातले कापड घेतले तर त्यांना लोक वंदन करतात. माझ्या आईने घेतले तर तिच्या सावलीचा विटाळ. कापड तेच ना?

आमच्यापैकी कोणापाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर, चीवराची कथा सांगून जिजीचे मन वळवावे असा आमचा डाव होता. तो आमच्यावरच उलटला. घरी येऊन कारकुनीणबाईंनी महावग्गाचा तोच भाग पुन्हा काढला आणि पुढच्या पौर्णिमेला वाचून दाखवला. वैद्य जीवकाने भगवंतांना एक उंची वस्त्र आणून दिले आणि विनंती केली, की भिक्खुसंघाला गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याची परवानगी असावी. भगवंतांनी ते वस्त्र स्वीकारले आणि मुभा दिली. ज्याला पांसुकूल वापरायचे त्याने वापरावे, ज्याला गृहस्थाने दिलेले घ्यायचे त्याने घ्यावे. जिजीच्या आईला अशी मुभा कोणी दिली नव्हती. तिला चिंधी सोडून दुसरे काही घेण्याची सोय नव्हती. एवढेच आम्हाला सांगता आले. जिजीने मान हलवली, पटली म्हणून की ऐकली म्हणून, ते कळले नाही.

थंडी पडली तशी गोधड्यांची किंमत घराघरात कळू लागली. मार्गशीर्षात शिक्षिकाताईंनी अमेरिकेतल्या बायकांची हकीकत वाचून दाखवली. जोतीरावांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' ग्रंथ ज्या देशातल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, त्याच देशात अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. नदीच्या वळणावर, तिन्ही बाजूंनी पाणी. तेथे गुलामांचे वंशज राहतात. तेथल्या बायका शेतात घालायच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत, कारण थंडी वाजे. मतदार म्हणून नाव नोंदवायला ते लोक नदीपलीकडे जाऊ लागले, तेव्हा १९६२ साली त्यांची नावच बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग त्या वस्तीत आले. १९६६ साली तिथल्या आणि आसपासच्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली आणि गोधड्या विकून मजुरी मिळवू लागल्या. २००२ साली त्यांच्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या, आणि २००६ साली टपालाच्या तिकिटांवर आल्या. आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी लोक, ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले, त्यांच्या बायकाही अशाच गोधड्या शिवतात. त्यांना त्या कवंदी म्हणतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून शिवण बंद करण्यापूर्वी आत थोडे तांदूळ ठेवतात. आम्हीही ज्वारीचे चार दाणे घालावेत अशी सूचना आली. पण उंदीर येतील, या भाजीवाल्या ताईंच्या हरकतीवर ती बारगळली.

जीज बेंडची हकीकत ऐकून जिजी एवढेच म्हणाली, की भिंतीवर लावली तर पांघरणार काय?

महिने जात राहिले. अकरा महिन्यांत जिजीचे नाव निघाले नाही. फाल्गुन पौर्णिमेला डब्यात दोन चिठ्ठ्या होत्या. एक निघाली ती धुळ्याच्या सर्वांत धाकट्या सभासदेची. डब्यात एकच उरली. आता सांगणे भाग होते. आम्ही सांगितले.

"मन्हं नाव कोनी टाकं?" जिजीने विचारले.

आम्ही सगळ्यांनी मिळून टाकले आणि तुला न विचारता टाकले, हे कबूल केले. माफी मागितली. नको असेल तर शेवटची गोधडी दुसऱ्या कोणाला देऊ, असेही म्हणालो. जिजीने काठी घेतली, उठली आणि दारात जाऊन वळली. "मंग मन्हा चौकोन बी पाहिजे ना," म्हणाली आणि गेली.

चैत्र पौर्णिमेला ती आली तेव्हा तिच्या हातात फुले मार्केटमधल्या दुकानाची पिशवी होती. आत पांढऱ्याशुभ्र मांजरपाटाचा चौकोन. कोरा. कडा दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेल्या. असे टाके, की आम्ही तो हातोहात फिरवून पाहिला. पेन्शनच्या पैशांतून तिने कापड घेतले होते. नातीला बरोबर घेऊन गेली होती, आणि दुकानदाराला तिने सांगितले होते म्हणे, की थानातून माझ्यासमोर फाडून दे.

आता अडचण अशी, की कोरे कापड धुतल्याशिवाय गोधडीत घालू नये. ते पहिल्या धुण्यात आटते आणि शेजारचे कापड ओढून घेते. हे आम्हाला जिजीनेच वर्षभर बसल्या बसल्या शिकवले होते. मशीन चालवणाऱ्या एका ताईने जपून विचारले, "जिजी, भिजवून घेऊ का आधी?"

"नही," जिजी म्हणाली. "कोरंच राहू दे."

आम्ही कोराच लावला. मधोमध नाही, तिनेच सांगितल्याप्रमाणे वरच्या उजव्या कोपऱ्यात. बाकीचे अकरा चौकोन आमचे, गणवेशाचे, सदऱ्याचे, नऊवारीच्या काठाचे, पांढऱ्या साडीचे. गोधडी २०२३ च्या वैशाख पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी पुरी झाली. शेवटचा फेरा जिजीने घातला, तोही आपल्या चौकोनापुरता. जुन्या तुकड्यांवर तिने सुई चालवली नाही.

पहिल्या धुण्यात व्हायचे तेच झाले. पांढरा चौकोन आटला आणि तो कोपरा चुण्या पडून आत ओढला गेला. गोधडी अंथरली की ती जागा अजून वर येते. जिजी स्वतः ती पांघरत नाही. तिच्या अंगावर सोलापुरी चादरच असते. गोधडी तिने नातीला दिली. नात बी. एस्सी.ला आहे, वसतिगृहात राहते. तिला आम्ही विचारले, चुण्या टोचत नाहीत का? ती म्हणाली, तो कोपरा मी डोक्याकडे घेते.

भिशीचा जमाखर्च वहीत बंद केला आहे. खर्चाच्या बाजूला दोरा, अस्तर आणि एसटीचे भाडे. जमेच्या बाजूला गोधड्या बारा. चौकोन एकशे चव्वेचाळीस, पैकी जुन्या कापडाचे एकशे त्रेचाळीस, नव्या कापडाचा एक. ही नोंद लिहिताना जिजी शेजारी बसली होती. तिला वाचून दाखवली. तिने पेन मागितले. वस्तीतल्या मुलीने गेले चार महिने तिला अक्षरे गिरवायला दिली होती, हे आम्हाला तोपर्यंत माहीत नव्हते. शेवटच्या ओळीखाली जिजीने सही केली. अक्षरे मोठी आहेत आणि ओळीबाहेर गेली आहेत, पण नाव पुरे आहे.

भगिनींनो, तुमच्या विहारातही अशी एखादी जिजी बसत असेल. गोधडी शिवा किंवा शिवू नका. तिला मात्र एकदा विचारा.

जयभीम.